जुबीची उशी

न्हावऱ्यात त्या काळी गादी भरायची म्हटली की लोक इनुस पिंजाऱ्याच्या दारात यायचे. फोमच्या गाद्या शिरूरच्या दुकानांत दिसायला लागल्या होत्या, पण लेकीच्या लग्नात द्यायची गादी कापसाचीच हवी, असा बायकांचा हट्ट असायचा. दिवाळी झाली की इनुसच्या पडवीत पिंजणाच्या तातीचा, कापूस पिंजायच्या त्या ताणलेल्या दोरीचा, आवाज सुरू व्हायचा, तो लग्नसराई सरेपर्यंत थांबायचा नाही. इनुस कापूस पिंजायचा आणि त्याची बायको हुसेनबी खोळ शिवून टाके घालायची. दोघांच्या भुवयांवर, पापण्यांवर सदा कापूस बसलेला. त्यामुळे नवराबायको वयाच्या आधीच म्हातारी दिसत.

त्यांना पोरी दोन. थोरली आयेशा आणि धाकटी जुबेदा. जुबेदाला कुणी जुबेदा म्हटलंच नाही, ती सगळ्यांची जुबी होती. शेजारच्या अनसाबाईच्या घरात तर ती आपल्या घरापेक्षा जास्त असायची. अनसाबाईचे लोक मूळचे मेंढरांमागे हिंडणारे. सासऱ्याच्या काळात कळप विकला, जमीन केली, आता कांदा आणि ऊस. तिची नात हर्षदा आयेशाहून वर्षभरानं लहान. ती जुबीला कडेवर घेऊन गावभर मिरवायची. पोरगी खाली पडेल म्हणून हुसेनबी ओरडायची आणि पोरगी वरूनच हसायची.

एका थंडीत जुबीला ताप भरला. आधी गावात औषध झालं, मग इनुसनं एसटीनं शिरूरला नेलं. येताना तिला चादरीत गुंडाळून आणलं. बायका कबरस्तानात जात नाहीत. हुसेनबीनं आपलं लेकरू दाराच्या उंबऱ्यापर्यंतच पाहिलं, पुढं पुरुष घेऊन गेले.

जुबीचा फोटो नव्हता. फोटो काढायचा तर शिरूरला जावं लागे. या ईदला काढू, पुढच्या ईदला काढू, असं करता करता तो राहूनच गेला. तिचं म्हणून घरात जे उरलं ते दोन झबली आणि एक उशी. झबली अनसाबाईनं हुसेनबीच्या नजरेआड केली. उशी मात्र तिथंच राहिली. हिरव्या छिटाची, कुणाच्या तरी गादीच्या उरलेल्या कापडातून शिवलेली. तिचा एक कोपरा जळका होता. थंडीत उशीलाही गार लागतं अशी जुबीची समजूत, म्हणून ती उशीला चुलीपाशी शेकायला न्यायची.

मग एक दिवस उशीही दिसेनाशी झाली. इनुसनं ती फकिराला दिली असावी, असं हुसेनबीनं धरून चाललं. विचारलं नाही. त्या घरात जुबीचं नाव निघणंच बंद झालं होतं. नाव निघालं की इनुस उठून पडवीत जायचा आणि पिंजण वाजायला लागायचं. काम असो वा नसो.

अशी दोन-तीन वर्षं गेली. आयेशा आठवीत गेली आणि शाळेत साधनाबाई आल्या.

साधनाबाई मराठी शिकवायला आल्या होत्या. नवी नोकरी, अंगात हुरूप. इतर मास्तर धडा पोरांकडून वाचून घेत आणि खालचे प्रश्न सोडवून देत. साधनाबाई स्वतः वाचत. धडा संपला तरी लगेच पुस्तक मिटत नसत, थोडा वेळ गप्प उभ्या राहत. आयेशा घरी येऊन हे सांगायची. बाई आज गप्प राहिल्या, म्हणजे धडा चांगला होता. अशा धड्यांतला एक आयेशाच्या डोक्यात बसला. त्यात एक म्हातारा माळी असतो. त्याचा मुलगा वारतो. माळी मुलाच्या नावानं आंब्याचं झाड लावतो, आणि झाड फळाला आलं की सगळे आंबे गावातल्या पोरांना वाटून टाकतो. का वाटतो, ते कुणाला सांगत नाही.

त्याच साली दौंडच्या एका वाचनालयानं दोन तालुक्यांतल्या शाळांसाठी लेखनस्पर्धा ठेवली. वर्गात वाचलेल्या धड्यातलं माणूस मला कुठं भेटलं, असा विषय. मुलांनी दौंडला यायचं, हॉलमध्ये बसून लिहायचं. पहिल्या नंबराच्या मुलानं बक्षीस समारंभात आपलं लिखाण वाचून दाखवायचं.

आता, त्या भागातल्या शाळांची एक रीत होती. नाच बसवावा, नाटक बसवावं, तसा निबंध बसवायचे. स्पर्धा जाहीर झाली की मास्तर स्वतः निबंध लिहीत, वळणदार अक्षराचं एक पोर निवडत आणि त्याच्याकडून तो तोंडपाठ करून घेत. पोर दौंडला जाई आणि पाठ केलेलं कागदावर उतरवून परत येई. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पोराच्या हातून शाळेची अब्रू जाऊ नये, एवढाच हेतू. परीक्षक तरी कोण, तर असेच कुठल्या ना कुठल्या शाळेतले मास्तर. कुणाचा निबंध कुणी बसवलाय ते त्यांना पहिल्या ओळीवरून कळायचं, आणि बसवलाय नीट की नाही, हेच ते तपासायचे.

हेडमास्तर सावळाराम सरांनी साधनाबाईंना निबंध बसवायला सांगितलं. बाई म्हणाल्या, मी बसवणार नाही. पोरगी जे लिहील ते लिहील. आणि त्यांनी आयेशाचं नाव दिलं. सर हसले. म्हणाले, नवीन आहात, एक वर्ष होऊन जाऊ दे तुमच्या मनासारखं.

आयेशा दौंडला जाऊन लिहून आली. काय लिहिलंस म्हणून हुसेनबीनं विचारलं, तर पोरगी म्हणाली, "माळ्याचं लिहिलं." हुसेनबीला तेवढं पुरलं.

पुढं महिन्याभरानं कळलं की पहिला नंबर आयेशाचा. न्हावऱ्याच्या शाळेला त्या आधी कबड्डीशिवाय कशातच काही मिळालं नव्हतं. बक्षीस घ्यायला आयेशाबरोबर कुणीतरी जायला हवं होतं. इनुसच्या अंगावर लग्नाच्या गाद्या होत्या, म्हणून हुसेनबी निघाली. ती एकटी कशी जाईल म्हणून अनसाबाई निघाली. न्हावऱ्याहून चौफुला, चौफुल्याहून दौंड. एसटीत अनसाबाई सगळ्यांना सांगत होती, आमच्या पोरीला बक्षीस मिळालंय. कुठली पोरगी म्हणून लोक बघायचे, तर ती आयेशाकडं बोट करायची.

हॉल स्टेशनच्या बाजूलाच होता. मधूनच इंजिनाची शिट्टी आत यायची आणि बोलणारा माणूस ती संपेपर्यंत थांबायचा. भाषणं झाली. मग आयेशाचं नाव पुकारलं. ती माइकपाशी गेली, माइक उंच होता म्हणून कुणीतरी खाली केला, आणि ती वाचू लागली.

‘धड्यातला माळी मला माझ्या घरात भेटला. माझे वडील गाद्या भरतात. माझी बहीण जुबी वारली तेव्हा तिची उशी घरात राहिली. हिरव्या छिटाची होती. एक कोपरा जळका होता, कारण जुबी उशीला शेकायला न्यायची. एक दिवस आई पाण्याला गेली तेव्हा वडिलांनी ती उशी उसवली. आतला कापूस मूठभरच होता. तो त्यांनी वेगळा पिंजला. खूप वेळ पिंजला. मग समोरच्या मोठ्या ढिगात टाकला, डोळे मिटले आणि सगळा ढीग हातांनी कालवला. त्या ढिगातून पुष्कळ गाद्या भरल्या. जुबी कुणाच्या घरी गेली, ते वडिलांना माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, माहीत असतं तर मी रोज त्या घरी गेलो असतो. म्हणून डोळे मिटले.’

पुढं दोन-चार ओळी होत्या. गावात कुणाच्या तरी घरी जुबी रोज निजते, ऊब देते, असं काहीसं. हुसेनबीला त्या ऐकू आल्या नाहीत. उशीचं काय झालं, ते तिला त्या परक्या हॉलमध्ये, माइकवरून, तीनशे लोकांबरोबर कळलं होतं. अनसाबाईनं तिचा हात धरला आणि एसटीत बसेपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर हुसेनबीनं चूल पेटवली, भाकरी केल्या, नवऱ्याला वाढलं. तो जेवत असताना विचारलं, "खरंच डोळं मिटलं व्हतं?"

इनुस म्हणाला, "व्हय."

जुबी गेल्यापासून तिच्याबद्दल दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं. त्यानंतर तो उठून पडवीत गेला नाही. तिथंच बसून राहिला.

त्या थंडीत हुसेनबीला एक सवय लागली. गावात लोक उन्हात गाद्या टाकतात. कुणाच्या भिंतीवर, कुणाच्या बैलगाडीवर, कुणाच्या पत्र्यावर. पाण्याला जाता-येता ती त्या गाद्या बघायची. टाके तिचेच असायचे. यात असेल, नाहीतर त्यात असेल. कबरस्तानात जायची तिला परवानगी नव्हती, पण हे तिला कुणी अडवू शकत नव्हतं. फोटो नव्हता, आता त्याचं फारसं वाटेनासं झालं. डोळे मिटले की हिरवी उशी दिसायची, जळका कोपरा दिसायचा, आणि त्यावरचे जुबीचे केस. आयेशानं ते सगळं परत आणून दिलं होतं.

गावात थोडी कुजबुज झाली. सोपानरावांच्या बायकोनं आपली गादी परत पाठवली, कापूस बदलून द्या म्हणून. मेलेल्या लेकराचा कापूस अंगाखाली नको, असं तिचं म्हणणं. इनुसनं मुकाट्यानं बदलून दिला. अनसाबाईला हे कळलं तेव्हा तिनं सोपानरावांना पारावर गाठलं. "लेकराचा कापूस टोचतोय व्हय तुमास्नी? ढेकणं बरी चालत्यात." सोपानराव पेपर वर धरून वाचत राहिले.

पण खरं काय व्हायचं ते पुढच्या साली झालं.

वाचनालयाला आयेशाचं लिखाण फार आवडलं होतं. त्यांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि नव्या स्पर्धेच्या पत्रकाबरोबर दोन्ही तालुक्यांतल्या शाळांना पाठवल्या. वर लिहिलं, असं लिखाण अपेक्षित आहे. त्यांचा हेतू चांगलाच असणार. मुलांनी आपापल्या घरातलं, आपापलं लिहावं, असंच त्यांना म्हणायचं असेल. पण शाळांना त्यातून एकच गोष्ट कळली. आता ही उशी चालते.

एकदा नंबर आला त्या मुलाला पुन्हा भाग घेता येत नव्हता. सावळाराम सरांनी साधनाबाईंना बोलावून सांगितलं, गेल्या वर्षी तुमच्या मनासारखं झालं. आता बक्षिसाची ढाल शाळेत आली आहे, ती परत जाता कामा नये. बाई नको म्हणतील असं आयेशाला वाटलं होतं. बाई नको म्हणाल्या नाहीत. वर्षभरात त्यांचंही नाव झालं होतं, केंदूरपासून केडगावपर्यंतचे मास्तर त्यांना विचारायला येत. त्यांनी आयेशाचा कागद पुढ्यात घेतला आणि बसल्या. वळणदार अक्षराची म्हणून हर्षदा निवडली. आयेशाला सांगितलं, तू तिची तयारी करून घे, तुला सगळं माहीतच आहे.

आयेशानं ऐकून घेतलं आणि घरी आली. आईला एवढंच म्हणाली, "माझा निबंध हर्षदाला दिला."

हुसेनबीला आधी बरंच वाटलं. हर्षदा काही परकी नव्हती. जुबीचं सांगायचं तर जिनं तिला कडेवर वागवलं तिनं सांगावं, त्यात वाईट काय. आयेशा तोंड फिरवून का बसली, ते तिला कळेना.

ते कळलं हर्षदा पाठांतर म्हणून दाखवायला आली त्या दुपारी. बाईंनी सांगितलं होतं, रोज कुणासमोर तरी म्हणून बघ. घरी आजी ऐकता ऐकता झोपते, म्हणून पोरगी इकडं आली. हुसेनबी गादीला टाके घालत होती. हर्षदा समोर उभी राहिली, हात मागं बांधले आणि सुरू झाली.

‘क्रूर काळाने माझ्या इवल्याशा बहिणीवर झडप घातली आणि आमच्या घरट्यातली चिमणी भुर्रकन उडून गेली. मागे उरली फक्त तिची लाल मखमली उशी. माझ्या कष्टकरी बाबांनी आपल्या अश्रूंना वाट मोकळी करून दिली आणि ती उशी गावातल्या एका अनाथ बालकाच्या डोक्याखाली ठेवली. धन्य तो त्याग! धन्य ते पितृहृदय!’

‘लाल मखमली’ म्हणताना तिनं उजवा हात पुढं केला होता. ‘चिमणी’ला डावा. नंबर आला तर स्टेजवर वाचावं लागेल, म्हणून बाईंनी हातवारेही बसवून दिले होते.

हुसेनबीची सुई थांबली. ती म्हणाली, "उशी हिरवी व्हती, हर्षदा."

"ठावं हाय की चाची. पण बाईंनी लाल सांगितलीया. हिरवी म्हणलं की पुढचं मखमली येतच न्हाई तोंडात."

"आन् जुबीचं नाव कुठं हाय?"

"छकुली ठिवलंय."

"का?"

हर्षदा जरा घुटमळली. पोरगी मनानं चांगली होती. म्हणाली, "माझी बहीण म्हणायचं हाय न्हवं, चाची. मग जुबी कसं म्हणू?"

हर्षदानं पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवलं. एके ठिकाणी अडली तर हुसेनबीकडं बघितलं, पुढची ओळ सांगेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी हुसेनबी शाळेत गेली. आयुष्यात पहिल्यांदा. मधल्या सुट्टीत साधनाबाई तिला व्हरांड्यात भेटल्या, बसायला खुर्ची मागवली, आयेशाचं कौतुक केलं. हुसेनबी खुर्चीवर बसली नाही. तिनं विचारलं, माझ्या पोरीची उशी लाल का केली. बाईंनी तिला समजावून सांगितलं, अगदी प्रेमानं. परीक्षक शंभर कागद वाचतात, त्यांच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहावं लागतं. लाल उठून दिसतं. जळका कोपरा वाचायला कसा तरी लागतो, म्हणून काढला. कापूस ढिगात कालवण्यातनं काही बोध निघत नव्हता, अनाथ मुलाला उशी दिली की त्याग दिसतो.

"आणि हुसेनबी, वाईट वाटून घेऊ नका," बाई म्हणाल्या, "इतकं चांगलं लिखाण एकदाच वाचून वाया कसं घालवायचं? तुमची जुबी आता मुलांच्या तोंडी राहील."

"जुबी कुठं राहिली, बाई? तुमी तर छकुली केलीया तिची."

बाई हसल्या, पण ते हसू नीट जमलं नाही. घंटा झाली. त्या वर्गात निघाल्या. जाता जाता मागं वळून म्हणाल्या की आता बदललं तर पोरीचं पाठांतर बिघडेल, स्पर्धा तोंडावर आली आहे. त्यांच्या मनात काळंबेरं काहीच नव्हतं. हेच मनात घेऊन घरापर्यंत चालणं हुसेनबीला जड झालं. कुणी वाईट वागलं असतं तर भांडता आलं असतं.

इनुसला तिनं यातलं काही सांगितलं नाही.

हर्षदा दौंडला जाऊन लिहून आली, आणि यंदा निकाल समारंभातच सांगणार होते. बक्षीस समारंभाला अनसाबाई निघाली तेव्हा हुसेनबीनं आधी नाही म्हटलं. पण गेल्या साली ती आपल्यासाठी आली होती. हात धरून बसली होती. शेवटी गेली. आयेशा आली नाही, पोट दुखतंय म्हणाली. हर्षदाला नवा फ्रॉक घेतला होता. एसटीत ती खिडकीशी बसून ओठ हलवत होती.

हॉल तोच, माइक तोच, स्टेशनावरची शिट्टीही तीच. या वेळी परीक्षकांचं भाषण आधी होतं. परीक्षक उंचेपुरे, विनोदी बोलणारे. लोक त्यांच्या भाषणाची वाट बघत असायचे. ते म्हणाले, "मंडळी, यंदा शिरूर आणि दौंड तालुक्यांत उशांची साथ आली होती. ज्या घरात बघावं तिथं एक भावंड वारलेलं आणि एक उशी मागं राहिलेली. कुणाची लाल, कुणाची गुलाबी, कुणाची जरीची. एकाची तर दोन भावंडं वारली, कारण त्याच्या मास्तरांना एक पुरेना."

लोक हसले. पुढच्या रांगेतले मास्तरही हसले.

"पालकांना विनंती, घरी जाऊन आपापल्या उशा मोजून घ्या. आणि पुढच्या वर्षी कृपा करून कुणी उशी आणू नका. आम्हाला झोप येते."

हॉल खदखदून हसला. खुर्च्या वाजल्या. मागं उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. साधनाबाई दुसऱ्या रांगेत होत्या, त्या मान खाली घालून पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. पहिला नंबर कुठल्या तरी सैनिकावरच्या निबंधाला मिळाला. तो बसवलेलाच होता, पण नीट बसवलेला होता.

हर्षदाला रडू आलं. तिला वाटत होतं आपलंच काहीतरी चुकलं, मखमली म्हणायच्या जागी अडखळलो म्हणून लिहितानाही चुकलं असणार. अनसाबाईला भाषणातलं निम्मं कळलं नव्हतं. लोक कशाला हसतायत म्हणून ती हुसेनबीच्या कानाशी लागली. हुसेनबीनं सांगितलं नाही.

ते कळलं तिला परतीच्या एसटीत. हर्षदानंच हुंदके देत सगळं सांगितलं. चौफुला मागं पडलं. मग अनसाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "लेकीच्या मरणाला हसली व्हय गं ती माणसं?"

"तिच्या न्हाई," हुसेनबी म्हणाली. "छकुलीच्या."

अनसाबाईनं हात धरायला हात पुढं केला. या वेळी हुसेनबीनं आपला हात पदरात ओढून घेतला. अनसाबाईचा काही दोष नव्हता. पण तो हात हर्षदाच्या आजीचा होता, आणि तेवढ्यानं दोघींत काहीतरी तुटलं. पुढं बोलणं राहिलं, जाणंयेणं राहिलं, पण पहिल्यासारखं नाही.

आयेशा दहावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. पण त्यानंतर तिनं कधी काही लिहिलं नाही. साधनाबाईंनी एकदा विचारलं तर म्हणाली, तुम्ही लिहून द्या, मी पाठ करते. बाईंची पुढं बदली झाली. निरोप समारंभात कुणाला तरी त्यांच्यावर चार ओळी लिहायला सांगितलं, आणि त्याही बसवूनच घेतल्या.

हुसेनबीचं काय झालं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. एकदाच आयेशाला विचारलं, उन्हात गादी उलटी करता करता, सहज विचारावं तसं.

"आयेशा, उशी हिरवीच व्हती न्हवं?"

"व्हय, अम्मा."

"डोळं मिटून सांग."

आयेशानं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. उघडले तेव्हा ती आईकडं न बघता गादी झटकू लागली, आणि कापसाची धूळ दोघींच्या मधे उडाली.

हुसेनबीनं पुन्हा विचारलं नाही. तिचंही तेच झालं होतं. चिंध्यांचं गाठोडं सोडून तिनं त्या छिटाचा तुकडा शोधून पाहिला होता, मिळाला नव्हता. उशी हिरवी होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुराणावर हात ठेवून तिनं सांगितलं असतं. पण ठाऊक असणं वेगळं. दिसायचं ते आता लालच दिसायचं. तलम, मखमली, चारी कोपरे शाबूत. आणि त्यावर डोकं टेकून निजलेली जुबी, जिला जन्मात कधी मखमल शिवली नव्हती.